क्रोन्सच्या भगंदरावर स्टेम सेल उपचार केले तर ते खरंच कायमचं बरं होतं का?

तुम्ही लिहिलंय की भावाला क्रोन्समुळे (आतड्याला जुनाट सूज येण्याचा आजार) भगंदर झालंय, दोन ऑपरेशनं झाली, सध्या पू वाहून जावा म्हणून नळीतून सेटनचा दोरा घातलेला आहे, आणि एक क्लिनिक त्याच्याच पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून टोचायला काही लाख मागतंय, "कायमचं बरं होईल" म्हणून. मी डॉक्टर नाही. याच दुखण्याचा जुना पेशंट आहे, दोरा, पॅड आणि गरम पाण्याचा टब हे सगळं करून झालंय. त्यामुळे या उपचाराच्या बातम्यांवर माझी पहिल्यापासून नजर आहे.

भगंदराची नळी, म्हणजे गुदाच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत गेलेली वाट, एकदा बंद झाली की पुष्कळांमध्ये दोन-तीन वर्षं बंद राहते, हे खरं आहे. पण ती पेशींमुळे बंद झाली की सर्जनच्या हातामुळे, हे विचारलं की क्लिनिकवाले गडबडतात.

सगळी आशा ज्या अभ्यासावर उभी राहिली तो अ‍ॅडमायर-सीडी. युरोपातल्या सात देशांत आणि इस्रायलमध्ये 212 पेशंटवर झाला, 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाचं नाव दार्वाडस्ट्रोसेल, बाजारात अ‍ॅलोफिसेल. दुसऱ्या माणसाच्या चरबीतून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या 12 कोटी पेशी, अर्ध्या आतल्या तोंडाभोवती आणि अर्ध्या नळीच्या कडेनं टोचायच्या. 24 आठवड्यांनी पेशी मिळालेल्यांपैकी 50 टक्के बरे, नुसतं सलाईन टोचलेल्यांपैकी 34 टक्के. बरं म्हणजे काय, तर बोटानं हलकं दाबल्यावर बाहेरच्या तोंडातून काही येत नाही आणि एमआरआयमध्ये 2 सेंटिमीटरपेक्षा मोठा पूचा साठा नाही. ही दुसरी अट फार महत्त्वाची. वरची कातडी कोरडी आणि आत पू तसाच, हे आपल्या दुखण्यात नेहमीचंच.

आता त्या 34 टक्क्यांकडे बघा. त्यांना पेशी मिळाल्या नाहीत, पण बाकी सगळं मिळालं होतं: आधी सेटन, मग नळी खरवडून साफ करणं, दोरा काढून आतलं तोंड टाक्यांनी शिवणं. शिवाय बरीच मंडळी आपली नेहमीची औषधं घेत होती. नीट केलेली सफाई आणि टाके एवढ्यावर दर तिसरा माणूस बरा झाला! क्लिनिकच्या माहितीपत्रकात हा आकडा छापलेला मी तरी कधी पाहिला नाही.

तुम्ही विचारलेल्या दीर्घकाळाबद्दल: त्याच पेशंटपैकी 89 जणांची कागदपत्रं नंतर तपासली गेली. वर्षभरानं पेशीवाल्यांत 67 टक्के कोरडे, दुसऱ्या गटात 52. तीन वर्षांनी 53 आणि 46. म्हणजे सुधारणा बऱ्यापैकी टिकते, पण दोन्हीकडे टिकते, आणि फरक कमी होत जातो. पेशंट इतके थोडे की एवढ्या फरकावर मी माझे पैसे लावणार नाही. कोरियातल्या क्युपिस्टेमचे (स्वतःच्याच चरबीतल्या पेशी, 2012 पासून मान्यता) दोन वर्षांचे आकडे याहून पुष्कळ चांगले दिसतात, पण त्या पाठपुराव्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता. वर बघितलंच, त्या गटाशिवाय आकडा किती फुगतो ते.

मग मोठा अभ्यास झाला, अ‍ॅडमायर-सीडी 2, 568 पेशंट. ऑक्टोबर 2023 मध्ये कंपनीनं, म्हणजे ताकेदानं, स्वतःच निकाल सांगितला: फरक सिद्ध झाला नाही. 48.8 टक्के विरुद्ध 46.3. डिसेंबर 2024 मध्ये युरोपातली मान्यता कंपनीच्याच विनंतीवरून मागे घेतली गेली. 2018 साली ती मिळाली तेव्हा आमच्यासारख्यांनी किती आशेनं ती बातमी एकमेकांना पाठवली होती! असो. धोकादायक म्हणून ते गेलं नाही. गळू होणं, दुखणं दोन्ही गटांत होतंच. उपयोग ठरला नाही म्हणून गेलं.

भावाच्या क्लिनिकचा प्रकार तर याहून वेगळा. सकाळी चरबी काढायची, फिरवून त्यातला पेशींचा अर्क वेगळा करायचा आणि दुपारी टोचायचा, असं असेल तर वरचा एकही आकडा त्याला लागू होत नाही. भारतात आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारखे ठरावीक उपचार सोडले, तर स्टेम सेल फक्त मान्यता असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात. तेव्हा सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. तो दिला, तर ट्रायलच्या उपचारासाठी पैसे कसले घेताय, हेही विचारा.

माझं मत विचाराल तर तेच पैसे इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिमुमॅब (क्रोन्सची सूज दाबणारी औषधं) न चुकवता चालू ठेवण्यावर, चांगल्या एमआरआयवर आणि रोज हेच काम करणाऱ्या कोलोरेक्टल (मोठं आतडं आणि गुदाच्या) सर्जनवर घाला. गॅस्ट्रोचे डॉक्टर आणि सर्जन एकमेकांशी बोलतायत ना, एवढं बघा. निम्मी गाडी तिथंच अडते. दोरा कधी काढायचा हे त्या दोघांनी मिळून ठरवू दे, महिनोन्महिने राहिला तरी त्यानं नुकसान होत नाही, उलट पू साठत नाही.

आणि हो, कोलोनोस्कोपी अलीकडे झालीय का? अ‍ॅडमायरमध्ये आतड्याचा आजार शांत किंवा अगदी सौम्य असलेलेच पेशंट घेतले होते. भावाचं गुदाशय आतून अजून सुजलेलं असेल, तर त्या अभ्यासात त्याला घेतलंच नसतं.