बॉक्स कासवाची दोन वर्षांची पिल्लं मोठ्या जोडीबरोबर परसात सोडू का?

या पावसात तरी सोडू नका. तुमची तिन्ही पिल्लं इतके दिवस घरातल्या टबात वाढली आहेत, आणि वयावरून हे ठरत नाही.

पिल्लाला स्वतःला मिटता येतं का ते आधी बघा. बॉक्स कासवाच्या पोटाकडच्या कवचाला बिजागरीसारखा सांधा असतो. धोका वाटला की मोठं कासव त्या जोरावर डबीसारखं घट्ट बंद होतं. पिल्लांचा हा सांधा पहिली काही वर्षं कामच करत नाही. आमच्या डिचोलीच्या घरी मी लिंबाएवढं पिल्लू घाईने बाहेर सोडलं होतं. तिसऱ्या सकाळी चिऱ्यांच्या भिंतीकडेला त्याचं रिकामं कवच सापडलं. भिंत उंच होती, पण वर जाळी नव्हती. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून कवच १० सेंटीमीटरच्या पुढे गेल्याशिवाय आणि सांधा पुरता मिटत असल्याशिवाय मी पिल्लू मोठ्यांत सोडत नाही.

तोवर त्याच आवाराच्या कोपऱ्यात त्यांना वेगळी खोली करा. अर्ध्या इंचाची जाळी वर हवी तशी जमिनीखालीही हवी, कारण उंदीर बीळ करून येतात. वरून कावळा आणि भारद्वाज, बाजूने मुंगूस. आत ओला पालापाचोळा आणि नारळाची सोडणं टाका. पिल्लं त्यात पुरून बसतात. दिसली नाहीत म्हणून उकरत राहू नका. पाण्याची बशी अगदी उथळ ठेवा, बुडून मरतात. लाल मुंग्यांची रांग रोज तपासा.

जून-जुलैच्या झडीत सखल कोपरा तुंबतो, म्हणून मी चवथीनंतर सोडतो. पाऊस ओसरलेला असतो, माती ओली, गांडुळं भरपूर.

एक विचारतो, नोंदणी केलीत ना? ही अमेरिकेतली जात साईटीस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आहे. आपल्या वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर कासवांची नोंद करावी लागते, घरी जन्मलेल्या पिल्लांचीही.

एकत्र सोडल्यावर खाणं वेगवेगळ्या जागी ठेवा, नाहीतर मोठी सगळं फस्त करतात. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. लागोपाठ दोन आठवडे घटलं, किंवा नर पिल्लाच्या मागे लागून चावताना दिसला, तर ते पिल्लू त्याच दिवशी जाळीच्या खोलीत परत न्या.