डिझाइन सिस्टीमच्या टीममध्ये नवा आहेस म्हणून

लातूरहून संभाजीनगरला आलास, डिझाइन सिस्टीमचं (सगळ्या स्क्रीनवर वापरायच्या बटणं, रंग, अक्षरांच्या ठरलेल्या संचाचं) काम मिळालं, छान झालं. पण बाबा, आल्या आल्या फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली लायब्ररी, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या तयार भागांचा साठा, आवरायला घेऊ नकोस. मी घेतली होती. कुणाला न विचारता बटणाचं पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) वाढवून पब्लिश केलं. बिलाच्या स्क्रीनवर ‘रक्कम भरा’ दोन ओळींत मोडलं. पुढे दोन महिने माझं अपडेट कुणी घेईना.

आधी डेव्हलपरांशेजारी बस. आपला कंपोनंट (बटणासारखा तयार भाग) सोडून ते स्वतःचा का लिहितात ते बघ; बहुतेक वेळा अडचण आपल्याच कंपोनंटात असते. मग त्यांची एखादी छोटी डोकेदुखी सोडव. आमच्याकडे ती मराठी लेबलांची होती. लाइन-हाइट (ओळीची उंची) इंग्रजीच्या मापाची, त्यात ‘कृषी’ची वेलांटी वरून कापली जायची, ऋकार खालून. टोकनमध्ये (रंग, मापं यांच्या नाव देऊन ठरवलेल्या नोंदींत) देवनागरीला वेगळी लाइन-हाइट दिली, तेव्हा कुठे टेस्टिंगवाली ताई स्वतःहून चहाला बोलवायला लागली.

रंगावरून वाद झाला तर ‘मला आवडत नाही’ म्हणू नकोस. डब्ल्यूसीएजी या वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजेडाचा फरक) लागतो, मोठ्या मजकुराला ३:१. मोजून दाखव.

आणि चेंजलॉग (काय बदललं त्याची नोंद) मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, पण त्याच दिवशी लिही.