केस कोर्टात, गोळी जिभेखाली

व्यसनमुक्तीच्या उपचारानंतर माझ्याकडे फॉलोअपला येणाऱ्यांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांकडून, एक प्रश्न हमखास येतो: नशा सुटली, माणूस जरा रुळावर येतोय आणि नेमकी आता जुनी केस उभी राहिली. या टेन्शनमध्ये तो टिकेल का? उत्तर म्हणून एका तिशीतल्या मुलाची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो गर्दवर, म्हणजे ब्राऊन शुगरवर होता. क्लीन होऊन आठ महिने झाले होते, गर्दची ओढ आवरणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची जिभेखाली ठेवायची गोळी चालू होती, कामावरही नियमित जात होता. नशेच्या काळात माल जवळ बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला होता. जामीन मिळाला, पुढे काही हालचाल झाली नाही, आणि घरात तो विषय कोणी काढेनासं झालं. मग समन्स आलं. त्या सेशनला तो जरा जास्तच खुशीत होता. सगळं मस्त चाललंय म्हणाला. मी झोपेचं विचारलं, तर गप्प. थोड्या वेळाने सॅकमधून कोर्टाचा लिफाफा काढून टेबलावर ठेवला. गादीखाली दाबून ठेवल्यामुळे चपटा झालेला, कडा मुडपलेल्या, आणि अजून फोडलेलाच नाही.

"तुमच्यासमोर उघडतो, ताई."

उघडला. तीन आठवड्यांनंतरची तारीख होती. एवढंच. लिफाफा बंद असेपर्यंत मात्र त्याने मनातल्या मनात स्वतःला कित्येक वर्षं आत पाठवलं होतं आणि त्या विचारात रात्र रात्र जागून काढली होती. झोप उडाली की नशेची ओढ वाढते, हे आमच्या कामात रोज दिसतं. म्हणून मी पहिलं काम वकिलाची वेळ घेण्याचं दिलं. मन शांत करण्याचे उपाय त्यानंतर.

मग खरा प्रश्न बाहेर आला. "आतच जायचं असेल तर सोडून मिळवलं काय?" या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसरं वाक्य लपलेलं असतं: जायच्या आधी एकदाच. मी ते उघडच विचारलं. तो हसला आणि खाली बघायला लागला. तेव्हा त्याला स्पष्ट सांगितलं, की इतके महिने बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी सहज पचायचा तेवढाच डोस आता श्वास बंद पाडू शकतो. तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे ओव्हरडोसच्या मृत्यूंसाठी सर्वांत धोक्याचे असतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच. घरच्यांनाही ही माहिती हवी. नॅलोक्सोन हे औषध अशा वेळी श्वास परत आणू शकतं. ते आपल्याकडे कसं मिळेल हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

पुढच्या वेळी आला तो वेगळाच बेत घेऊन. तारखेच्या आधी गोळी बंद करणार होता. "जजसाहेबांनी विचारलं तर सांगता आलं पाहिजे, मी कशावरच नाही." हा बेत माझ्याकडे अनेकांनी आणलेला आहे, आणि ऐकताना तो फार प्रामाणिक वाटतो. पण स्वतःच्या मनाने गोळी तोडली की टर्की, म्हणजे औषध तुटल्याचा त्रास सुरू होतो, झोप जाते, अंग मोडून येतं आणि ऐन तारखेच्या तोंडावर ओढ सर्वांत जोरात असते. ब्युप्रेनॉर्फिन आणि त्याच कामाचं मेथाडोन ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. ते उपचार आहेत, लपवायची गोष्ट नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेव, वकिलांना गोळीबद्दल आधीच सांग, आणि डोस कमी करायचाच असेल तर तो निर्णय डॉक्टरांबरोबर, केसचं वारं शांत असताना घे, असं मी सांगितलं. त्याच ओघात खोकल्याच्या औषधाचंही बोलले. काही सिरपमध्ये कोडीन हे अफूच्या जातीचं औषध असतं आणि लघवीच्या तपासणीत ते दिसतं. सर्दी झाली म्हणून कोणी दिलेली बाटली तोंडाला लावायची नाही.

एक गाठ मात्र सोडवायला वेळ लागला. नशा सोडू पाहणारे एकमेकांना आधार देण्यासाठी जमतात, त्या मीटिंगला तो जायचा. तिथल्या बारा पायऱ्यांच्या वाटेवर ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करणं येतं, आणि त्या उत्साहात त्याला पोलिसांकडे जाऊन सगळं, अगदी ज्याबद्दल त्याला कोणी विचारलेलंही नव्हतं तेही, सांगून मोकळं व्हायचं होतं. मला त्याच्या हेतूबद्दल शंका नव्हती. पण नववी पायरीच म्हणते, की भरपाई करताना त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर थांबावं. त्याच्या कबुलीत आणखी दोघांची नावं येत होती, त्यातला एक आता उपचार घेत होता. काय सांगायचं, कधी, कोणापुढे, हे आधी वकिलाशी बोलून ठरवायचं. मीटिंगमध्ये भीतीबद्दल, लाजेबद्दल पोटभर शेअरिंग करावं, पण कोण, कुठे, किती माल हे तिथे बोलू नये. तिथे बसलेल्यांवर गुप्ततेचं नैतिक बंधन असतं. कायद्याचं संरक्षण असेलच असं धरून चालू नये. माझ्या नोंदींचंही तसंच. कोर्टाने मागितल्या तर काय द्यावं लागू शकतं, हे मी त्याला पहिल्यांदाच सांगून ठेवलं होतं. त्याने विश्वास कमी होतो असं काहींना वाटतं. माझा अनुभव उलट आहे.

तारखेला मोठा भाऊ सोबत गेला. तारीख पुढे गेली. आम्ही शिक्षेची तयारी केली होती, सुटकेची केली होती, काहीच न होण्याची मात्र पुरेशी केली नव्हती. त्यात कोर्टाचं आवार म्हणजे जुन्या टोळीची भेटीची जागा. सहआरोपी खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चल, जरा बाहेर बसू." हा बाथरूममध्ये गेला, आतून कडी लावली आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या भावालाच फोन लावला. "दादा, मला इथून घरी ने, काही विचारू नको." दादाने खरंच काही विचारलं नाही. ओढ सारखी चढत राहत नाही, अर्ध्या तासाच्या आत बहुतेक वेळा उतरते. तो वेळ रस्त्यात गेला.

दुसऱ्या दिवशी रात्री तो दारू प्यायला. गर्द नाही, दारू. सकाळी फोनवर पहिलं वाक्य: "गेलं सगळं, ताई. आता केस काय नि सोबर काय." स्लिपपेक्षा, म्हणजे एखाद्या वेळी पाय घसरण्यापेक्षा, हे वाक्य घातक असतं, कारण 'आता गेलंच आहे तर' म्हणून माणूस पूर्ण खाली जातो. मी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं, कारण ब्युप्रेनॉर्फिनवर दारू घेतली तर दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. मग आम्ही दोन दिवसांचा तास न् तास मांडून बघितला. तारखेच्या दिवशी सगळे त्याच्याभोवती होते. दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर, हा सुट्टी टाकून घरात एकटा, आणि आई फोनवर सांगत होती, "केस चालू आहे, आता तरी नीट राहा."

आईचं चुकलं असं नाही म्हणणार. पण घरातून हे रोज ऐकलं, की सोबर राहणं हा कोर्टाला भरायचा हप्ता होऊन बसतो. मग तारीख पुढे गेली तरी चिडून प्यावंसं वाटतं, आणि सुटका झाली की भरायचं कारणच संपतं. केस वकील चालवतील. झोप, गोळी, मीटिंग, काम हे त्याचं आहे. निकाल काहीही लागला तरी ते त्याच्याकडेच राहणार आहे. १९८९ मध्ये मायामीत व्यसनी आरोपींसाठी उपचार आणि खटला एकत्र चालवणारं पहिलं खास न्यायालय सुरू झालं आणि ती कल्पना पुढे पुष्कळ ठिकाणी गेली, पण अशी सोय प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. ज्याला ती नाही त्याने स्वतःच हे दोन्ही सांभाळायचं असतं.

केस अजून चालू आहे. मध्यंतरी वकिलांनी फाइलसाठी माझ्याकडून पत्र मागितलं. किती सेशनना आला, तपासण्यांचे निकाल काय, गोळी कोणाच्या देखरेखीखाली चालू आहे, हे मी लिहिलं. ती एक स्लिपही लिहिली, त्याला आधी विचारून, आणि वकिलांशी बोलून. त्याला शेवटी 'पुन्हा कधीही नशा करणार नाही' असं वाक्य हवं होतं. ते मी कोणासाठीच लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते त्याला, फक्त आजचा दिवस सांभाळा असं शिकवणाऱ्या मीटिंगमुळे, माझ्याहून चांगलं माहीत आहे. पत्र वाचून त्याने तारखांमधली एक चूक दाखवली, ती दुरुस्त करून घेतली. पुढच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकलेली नाही. कामावरून थेट मीटिंगला जाणार आहे, आणि संध्याकाळचा फोन ठरलेला आहे.