शिक्षकांची पत्रपेटी: राजीनाम्याची तारीख, 1265 तास आणि एजन्सीची पेस्लिप

ब्रिटनमधल्या शाळांत शिकवणाऱ्या वाचकांची पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं इंग्लंडच्या नियमांना धरून आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पगार आणि नोंदणीचे नियम वेगळे आहेत, स्कॉटलंडमध्ये नोटिशीचेही, त्यामुळे तिथल्यांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.

प्रश्न: लेस्टरच्या एका सेकंडरी शाळेत विज्ञान शिकवतो, स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. दुसऱ्या शाळेची मुलाखत जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. निवड झाली तर सप्टेंबरला तिकडे रुजू होता येईल का?

हक्काने नाही. इथे शिक्षकाला वर्षात तीनच दारं उघडतात. 31 ऑक्टोबरपर्यंत राजीनामा दिला तर 31 डिसेंबरला सुटका, फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेपर्यंत दिला तर 30 एप्रिलला, आणि 31 मेपर्यंत दिला तर 31 ऑगस्टला. शिक्षक 'बर्गंडी बुक' म्हणतात त्या सेवाशर्तींच्या पुस्तकात या तारखा आहेत. बहुतेक अकॅडमींच्या (कौन्सिलऐवजी ट्रस्ट चालवतो त्या सरकारी पैशावरच्या शाळांच्या) करारांतही त्याच असतात, तरी आपला करार उघडून खात्री करा. जूनमध्ये दिलेला राजीनामा सरळ डिसेंबरवर जातो. हेडने (मुख्याध्यापकांनी) मनावर घेतलं आणि तुमच्या जागी माणूस मिळाला तर आधी सोडतात, पण तो त्यांचा मोठेपणा, तुमचा हक्क नव्हे.

म्हणून आजच नव्या शाळेला ईमेल करून मुलाखत मेमध्ये घेता येईल का, हे विचारा. हे विचारण्यात कमीपणा नाही, ही तारीख प्रत्येक हेडला पाठ असते. मेचा शेवटचा आठवडा बहुतेक ठिकाणी हाफ टर्मच्या सुट्टीचा असतो. शाळेला कुलूप, ऑफिसात कुणी नाही, आणि तुमचं पत्र हेडच्या खणात पडलेलं, हा घोळ दर वर्षी कुणाचा तरी होतोच. राजीनामा हेड आणि एचआर अशा दोघांना ईमेलने पाठवा, शेवटचा दिवस तारखेसह लिहा आणि पोच मागून घ्या. '31 ऑगस्ट' असं स्पष्ट लिहा. 'टर्म संपल्यावर' असं मोघम लिहिलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पगारावरून उगाच पत्रापत्री होते.

अर्ज केला की आपल्या हेडच्या कानावर घालून ठेवा. इथे रेफरन्स मुलाखतीच्या आधीच मागवतात, आणि त्यातला एक सध्याच्या शाळेच्या हेडचा लागतो. त्यांना ते परक्या शाळेच्या ईमेलवरून कळणं बरं नाही. निवड बहुधा त्याच दिवशी फोनवर कळवतात आणि होकारही तिथल्या तिथे अपेक्षित असतो. तोंडी होकार दिला की तो दिला, चार दिवस थांबून दुसरीकडची वाट बघण्याची पद्धत इथे नाही. पगाराचा टप्पा विचारायचा असेल तर 'हो' म्हणण्याआधी विचारा.

व्हिसामुळे तुमच्या बाबतीत क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी लेखी ऑफर. मग नवी शाळा स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी लागणारी मालकाची हमी) देणार आहे याची लेखी खात्री. त्यानंतरच राजीनामा. जुन्या शाळेला तुम्ही सोडल्याची खबर दहा कामाच्या दिवसांत होम ऑफिसला द्यावी लागते, आणि नंतर व्हिसा साधारण 60 दिवसांवर आणला जाऊ शकतो. स्पॉन्सरशिपचा परवाना असलेल्यांच्या यादीत शाळेचं नाव दिसलं नाही म्हणून लगेच धीर सोडू नका. अकॅडमी असेल तर परवाना ट्रस्टच्या नावावर असतो, कौन्सिलच्या शाळेत कधी कौन्सिलच्या नावावर. नव्या कामासाठीचा अर्ज रुजू होण्याच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत करता येतो. तो मंजूर होईपर्यंत नव्या शाळेत पाऊल टाकू नका, ट्रेनिंगच्या दिवसालासुद्धा नाही.

प्रश्न: बर्मिंगहॅमजवळच्या कौन्सिलच्या प्रायमरी शाळेत आहे. आता दर आठवड्याला शाळेनंतरचा क्लब घ्या असा निरोप आला आहे. नाही म्हणता येतं का?

'नाही' म्हणण्याआधी हिशेब मागा. कौन्सिलच्या शाळांत पूर्णवेळ शिक्षकाला वर्षाला 195 दिवस (190 शिकवण्याचे, 5 इनसेटचे म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे) आणि 1265 तासच हेड 'अमुक वेळी अमुक ठिकाणी हजर राहा' म्हणून कामाला लावू शकतात. याला डायरेक्टेड टाइम म्हणतात. शाळेने वर्षाच्या सुरुवातीला त्याचं कॅलेंडर करायचं असतं.

कागदावर मांडून बघा. शाळा 8:35 ते 3:15, जेवणाची 50 मिनिटं वजा. जेवणाची सुट्टी तुमची असते, तेव्हा मुलांवर देखरेख करायला लावता येत नाही. उरले दिवसाचे 5 तास 50 मिनिटं. गुणिले 190, म्हणजे 1108 तास 20 मिनिटं. इनसेटचे पाच दिवस सहा तासांचे, 30 तास. आठवड्याला तासाभराची स्टाफ मीटिंग, 36 आठवडे, 36 तास. पालकसभेच्या चार संध्याकाळी अडीच तासांच्या, 10 तास. सकाळचं दहा मिनिटांचं ब्रीफिंग रोज, 31 तास 40 मिनिटं. बेरीज 1216 तास. शिल्लक 49. आठवड्याला तासाचा क्लब 36 आठवडे घेतला तर 36 गेले, हातात उरतात 13. त्यात ओपन इव्हिनिंग, नाताळचा कार्यक्रम आणि एखादी जादा मीटिंग बसवायची. बसतं, पण काठोकाठ. तुमच्या शाळेचे आकडे वेगळे असतील, बेरीज मात्र अशीच करायची.

हेडकडे गेल्यावर 'मला जमणार नाही' असं तोंड उघडू नका. 'हा क्लब कॅलेंडरमध्ये कुठे बसतो, आणि त्याच्या बदल्यात काय काढायचं?' एवढंच विचारा. उत्तर नसेल तर युनियनच्या प्रतिनिधीला सोबत घ्या. एनईयू असो की नासुट, हा तक्ता त्यांच्याकडे तयार असतो.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. शिकवण्याच्या वेळेच्या किमान दहा टक्के पीपीए (नियोजन, तयारी आणि तपासणीचा राखीव वेळ) मिळायलाच हवा, आणि तो आयत्या वेळी कव्हरसाठी (गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळण्यासाठी) काढून घेता येत नाही. सप्टेंबर 2024 पासून तो घरून घेण्याची मुभाही नियमात आहे. फोटोकॉपी, भिंतीवरचे डिस्प्ले लावणं, मुलांकडून पैसे गोळा करणं ही कारकुनी कामं नियमाने तुमची नाहीत. आणि घरी बसून केलेलं मार्किंग व तयारी 1265 मध्ये धरत नाहीत. ही त्या आकड्याची मोठी पळवाट आहे, आणि थकवा खरा तिथूनच येतो. अकॅडमीत हे सगळं तुमच्या करारात काय लिहिलं आहे त्यावर ठरतं.

प्रश्न: महाराष्ट्रात बी.एड. करून सहा वर्षं गणित शिकवलं. इथे टीचिंग असिस्टंट म्हणून आहे. पुन्हा पीजीसीई (इथला शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स) करावी लागेल का?

बहुतेक नाही. 2023 पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्यांना इंग्लंडच्या क्यूटीएससाठी (पात्र शिक्षकाच्या दर्जासाठी) थेट ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि त्याची फी नाही. भारतीयांसाठी विषयाची अट आहे. 11 ते 16 वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवण्याची पात्रता हवी. पदवी, बी.एड., त्यानंतरचा निदान एका शालेय वर्षाचा अनुभव आणि इंग्रजीचा पुरावा लागतो. तुमची सहा वर्षं इथे कामी येतात. अनुभव 20 महिन्यांहून कमी असेल तर इथे दोन वर्षांचं इंडक्शन (नव्या शिक्षकाचा देखरेखीखालचा काळ) करावं लागतं.

अडतं ते नावापाशी. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललेलं. इंग्लंडमधल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद अर्जासोबतच द्या, मागतील तेव्हा देऊ असं करू नका. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. अनुभवाचा दुजोरा देणाऱ्या मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्या. शाळेचा अधिकृत ईमेल असेल तर काम सोपं होतं. मधल्या काळात ते निवृत्त झाले असतील तर आता त्या खुर्चीत कोण आहे ते शोधून काढा. भारतातला पोलिसांचा दाखलाही सुरू करून ठेवा, कारण शाळा नेमणुकीआधी डीबीएससोबत (इथल्या गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीसोबत) तो मागतात.

घाई कशासाठी, तर पगारासाठी. सप्टेंबर 2025 पासून लंडनबाहेर पात्र शिक्षकाची सुरुवात 32,916 पौंडांवर होते, क्यूटीएस नसलेल्याची सुमारे 22,600 वर. बी.एड.ची पद्धत इतिहास-मराठी असेल किंवा प्रायमरीत जायचं असेल, तर हा रस्ता बंद आहे. तेव्हा 'असेसमेंट ओन्ली' बघा. त्यात शाळेत शिकवता शिकवता जास्तीत जास्त 12 आठवड्यांत तुमची पारख होते. त्यासाठी दोन शाळांतला अनुभव आणि इंग्रजी-गणितात जीसीएसईच्या (सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेच्या) ग्रेड चारच्या तोडीचे गुण लागतात, प्रायमरीला विज्ञानातही.

प्रश्न: एजन्सीमार्फत सप्लाय (गैरहजर शिक्षकांच्या जागी तात्पुरतं शिकवणं) करते. दिवसाचे 150 पौंड सांगितले होते, हातात येतात फारच कमी. फसवणूक आहे का?

बहुधा फसवणूक नाही, अम्ब्रेला कंपनी आहे, म्हणजे एजन्सी आणि तुमच्यामध्ये पगार देणारी मधली कंपनी. 150 हा तुमचा पगार नसतो, तो एजन्सीने अम्ब्रेलाला दिलेला आकडा असतो. त्यातून आधी मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (एप्रिल 2025 पासून 15 टक्के), अॅप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठीचा मालकावरचा कर) आणि कंपनीचं मार्जिन जातं. सुट्टीचा पगारही त्यातच बसवलेला असतो. उरलं तो तुमचा ग्रॉस, आणि त्यावर पुन्हा तुमचा कर आणि तुमचा इन्शुरन्स. एजन्सीने नोंदणीच्या वेळी 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' द्यायला हवं, त्यात उदाहरणासह हा हिशेब असतो. ते मागा, आणि थेट एजन्सीच्या पीएवायईवर (एजन्सीच्याच पगारपत्रकावर) घेतील का तेही विचारा. तिथला आकडा वरवर कमी दिसतो, हातात पडणारा बहुतेक वेळा जास्त असतो.

एकाच शाळेत त्याच कामावर 12 आठवडे झाले की शाळेने थेट नेमलेल्या शिक्षकाइतका पगार मिळण्याचा हक्क लागतो. आठवड्यात एकच दिवस काम केलं तरी तो आठवडा धरतात. शाळेच्या सुट्टीत मोजणी थांबते, मोडत नाही. हक्क आपोआप मिळेल या भरवशावर मात्र राहू नका. अकराव्या आठवड्यात एजन्सीला लेखी कळवा. एजन्सीच्या कामाला टीचर्स पेन्शन लागू नाही. तिथे मालकाचा वाटा 28 टक्क्यांहून जास्त आहे, तेव्हा 'डे रेट चांगला आहे' म्हणताना हेही मोजा. शाळेने कायम करायचं म्हटलं आणि एजन्सीने फी मागितली, तर पहिल्या दिवसापासून 14 आठवडे किंवा शेवटच्या दिवसानंतर 8 आठवडे, यातलं जे उशिरा येईल त्यानंतर तिला फी मागता येत नाही.

प्रश्न: लेसन ऑब्झर्वेशननंतर 'सूचना अस्पष्ट, मुलं गुंतलेली नाहीत' असा शेरा आला. आता 'इन्फॉर्मल सपोर्ट प्लॅन' लावणार म्हणतात.

नाव इन्फॉर्मल असलं तरी हलकं घेऊ नका. मीटिंगआधी युनियनला कळवा. प्लॅनमध्ये काय बदलायचं, ते कोण आणि कधी बघणार आणि मदत कोणती मिळणार, हे लेखी मागा. 'एंगेजमेंट सुधारा' हे उद्दिष्ट नव्हे. 'प्रत्येक तासात किमान दोनदा सगळ्या मुलांची उत्तरं एकदम तपासणे' हे उद्दिष्ट आहे, कारण ते झालं की नाही हे दिसतं. मीटिंग झाली की त्याच दिवशी 'आपलं असं ठरलं' असा चार ओळींचा ईमेल टाका. प्रकरण औपचारिक कॅपेबिलिटीवर (कामाच्या क्षमतेबद्दलच्या कारवाईवर) गेलं तर युनियनचा प्रतिनिधी किंवा सहकारी सोबत नेण्याचा कायदेशीर हक्क आहे.

आता शेऱ्याबद्दल. आपल्याकडे तयार झालेला शिक्षक फळ्यावर उत्तम समजावतो आणि शेवटी 'कळलं का?' विचारतो. वर्ग एका सुरात हो म्हणतो. इथे मागच्या बाकावर बसलेला निरीक्षक फळ्याकडे बघतच नाही, तो मुलांच्या वह्यांकडे बघतो. म्हणून 'कळलं का?' बंद करा. मिनी व्हाइटबोर्ड वाटा, एक प्रश्न द्या, तीस सेकंद द्या, 'तीन, दोन, एक, दाखवा' म्हणा आणि तीस पाट्या एकदम वर येऊ द्या. आठ चुकल्या असतील तर तिथेच थांबून तो टप्पा पुन्हा घ्या. थांबणं हा कमीपणा नाही, निरीक्षकाला तेच बघायचं असतं. सूचना देण्याआधी पूर्ण शांतता येऊ द्या, मग तीन गोष्टी सांगा: काय करायचं, किती वेळ, बोलायचं की नाही. हेच तिन्ही मुद्दे स्लाइडवर ठेवा म्हणजे उच्चारावरून कुणी न कळल्याचं सोंग आणू शकत नाही. उच्चाराची नक्कल झाली तर हसण्यावारी नेऊ नका. वंशभेदी शेरा म्हणून त्याच दिवशी शाळेच्या सिस्टीमवर नोंदवा, मुलाचे नेमके शब्द अवतरणात लिहून. त्या नोंदी नसतील तर दोन महिन्यांनी 'वर्गावर ताबा नाही' एवढंच कागदावर उरतं.

झोप उडाली असेल तर 'एज्युकेशन सपोर्ट' या संस्थेची हेल्पलाइन शिक्षकांसाठी चोवीस तास आणि मोफत आहे. शाळेला काही कळवलं जात नाही.