दुसऱ्यांदा त्याच घड्याळजीकडे जावं का?

प्रश्न : वडिलांचं एचएमटी जनता, चावीचं घड्याळ आहे. गणपतीच्या आधी बाजारातल्या घड्याळजींकडे सर्व्हिसिंगला दिलं, आठशे रुपये घेतले. आठवडाभर बरं चाललं, आता रोज बारा मिनिटं पुढे पळतं. ते म्हणतात, "घेऊन या, बघतो." घरचे म्हणतात, त्याच माणसाच्या हातात पुन्हा देऊ नका, सरळ कोल्हापूरला न्या. काय करावं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : त्यांच्याकडेच न्या, पण आधी घरी एक दिवस घड्याळ नीट तपासा. काय बिघडलंय याचा अंदाज हाती असला, तर ते कारण शोधतात की वेळ मारून नेतात हे तुम्हाला समोर कळेल. पुढचा निर्णय त्यावरच घ्यायचा आहे.

हे मशीन सेकंदाला ५ ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. बारा मिनिटं पुढे म्हणजे त्यावर ३,६०० ठोके जास्त. एवढा फरक सेटिंग जरासं हललं म्हणून पडत नाही. हेअरस्प्रिंग, म्हणजे आतली केसासारखी बारीक, वेढ्यांची स्प्रिंग, आखूड झाल्यासारखी वागू लागली की पडतो. बॅलन्स, म्हणजे घड्याळातलं मागेपुढे फिरणारं चाक, झुलताना या स्प्रिंगचे वेढे सगळीकडून सारखे उघडतात, मिटतात. शेजारचे दोन वेढे चिकटले, की तेवढी स्प्रिंग कामातून जाते आणि बॅलन्स भरभर झुलायला लागतो. वेढे चिकटतात ते बहुधा दोन कारणांनी. एक, घड्याळात चुंबक भरला. स्पीकर, पर्सचं चुंबकाचं बटण, मोबाइलचं फ्लिप कव्हर यांच्याजवळ घड्याळ ठेवलं तरी हे होतं, त्यात घड्याळजींचा दोष असेलच असं नाही. दुसरं, तेल जास्त पडलं आणि ते पसरत स्प्रिंगवर आलं. हा मात्र त्यांच्या हातचा दोष. आठवडाभर बरं चालून मग पळणं दोन्हींत बसतं.

चुंबक ओळखायला साधं होकायंत्र पुरतं. मोबाइल लांब ठेवा, घड्याळ होकायंत्राजवळ आणून हळूहळू गोल फिरवा. सुई घड्याळामागे फिरली किंवा थरथरत राहिली तर चुंबक भरलाय. मोबाइलमधलं होकायंत्र यासाठी वापरू नका, फोनच्या स्पीकरमध्येच चुंबक असतो.

मग सकाळी आठला पूर्ण चावी द्या, वेळ जुळवा आणि दुपारी बाराला, रात्री आठला, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फरक लिहा. फरक दिवसभर सारखा वाढला तर वर सांगितलेलंच कारण. पहिल्या चार-सहा तासांतच बराचसा फरक पडून पुढे घड्याळ ताळ्यावर आलं, तर सर्व्हिसिंगच्या वेळी मेनस्प्रिंग (चावी दिली की आवळली जाणारी मुख्य स्प्रिंग) बदलली होती का ते विचारा. जास्त ताकदीची स्प्रिंग बसवली, की पूर्ण चावीवर बॅलन्स हद्दीबाहेर झुलतो, त्याची पिन फोर्कला (बॅलन्सला धक्का देणाऱ्या छोट्या दुबेळक्याला) उलट्या बाजूने आपटते आणि घड्याळ दुडक्या चालीने पळतं. योग्य मापाची मेनस्प्रिंग बसवणं हाच त्यावर इलाज.

दुकानात बाजाराच्या गर्दीत जाऊ नका. "तुम्ही बिघडवलंत" असं न म्हणता वहीतले आकडे पुढे ठेवा आणि झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा. आता त्यांचा हात कुठे जातो ते बघा. बॅलन्सवर मागेपुढे सरकणारा एक छोटा लिव्हर असतो. काही न तपासता त्यांनी तो 'मायनस'कडे, म्हणजे घड्याळ हळू करणाऱ्या बाजूला, टोकाला ढकलला आणि "झालं" म्हणाले, तर घड्याळ उचला आणि नमस्कार करून निघा. असं दाबून बसवलेलं घड्याळ पुढे चुंबक उतरला, की तेवढंच मागे पडायला लागतं. डोळ्याला भिंग लावून हेअरस्प्रिंग बघणारा, चुंबक उतरवणाऱ्या यंत्रावर घड्याळ धरणारा किंवा "बॅलन्स काढून धुवावा लागेल" म्हणणारा माणूस दुसऱ्या संधीला पात्र आहे. चुंबक उतरवायला मिनिटही लागत नाही. स्प्रिंग धुण्याचं काम बारकाईचं आहे, चार दिवस मागितले तर आनंदाने द्या.

झाकण उघडं असतानाच स्क्रूंच्या खाचा बघा. नव्या, चकचकीत ओरबाड्या म्हणजे पेचकस मापाचा नव्हता. मशीनवर बोटांचे ठसे दिसले तर ते जास्त वाईट, कारण आपल्या खाऱ्या दमट हवेत घामाचा ठसा पोलादी भागावर गंज धरतो. खोबणीत जुना काळा चिकटा तसाच आणि वर ताजं तेल दिसलं, तर मशीन सुटं न करता पेट्रोलमध्ये बुचकळून काढलंय. अशा घड्याळात मळ पुन्हा पिव्हटशी, म्हणजे चाकांच्या आसाच्या टोकाशी, येऊन बसतो आणि ते काही महिन्यांत अडखळतं. ही नजरचूक नव्हे, ही कामाची सवय आहे, आणि ती एका फेरीत सुटत नाही. तेव्हा कोल्हापूर गाठा.

परत देताना डायल, काटे आणि उघड्या मशीनचे फोटो काढा. पावतीवर काम लिहून घ्या आणि बदललेला भाग परत मागा. एचएमटीचं घड्याळाचं काम बंद करायला सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. त्यामुळे आता सुटे भाग मुख्यतः जुना साठा आणि मोडीतली मशीनं यांतूनच मिळतात, आणि चांगली मूळ डायल गेली तर तिच्या जागी रंगवलेली येते. वडिलांच्या घड्याळाला तरी ते होऊ देऊ नका.

दुरुस्तीनंतर दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक या वयाच्या घड्याळाला चांगला म्हणायचा, मिनिटभराचाही चालेल. दुकानात टायमिंग मशीन (ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) असेल तर पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून बॅलन्सचा झोका २५० अंशांच्या पुढे आहे का ते विचारा.

प्रश्न : एसटी स्टँडबाहेर क्वार्ट्झ घड्याळाचा सेल बदलला. महिन्यात बंद पडलं आणि काचेत आतून वाफ धरलीय. तिथेच भांडू की सोडून देऊ?
— एक वाचिका, वेंगुर्ले

उत्तर : आधी घड्याळ उघडून कोरडं करून घ्या, भांडण नंतर. तोवर चावी बाहेर ओढून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, तांदळात नको. पण समुद्राचं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी घड्याळजी गाठा. वाफ धरली म्हणजे मागच्या झाकणाची रबरी रिंग बहुतेक चिमटली किंवा राहूनच गेली. सेल महिन्यात संपला तर तो शिळा किंवा हलका असणार. तुमच्या घड्याळात ६२६ मापाचा सेल असेल तर सिल्व्हर ऑक्साइडचा 'एसआर' मागा, 'एलआर' अल्कलाइन असतो आणि लवकर बसतो. नवा सेल टाकूनही घड्याळ हललं नाही, तर चिमटा घसरून आतली केसासारखी तांब्याची कॉइल तुटलीय का, ते दुसऱ्या घड्याळजींकडून तपासून घ्या. सेलचे पैसे पहिल्याकडे जरूर मागा, पण घड्याळ पुन्हा त्याच्याकडे उघडायला देऊ नका.