‘वर्ग माझ्या ताब्यात राहत नाही’ म्हणणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

शिक्षकी पेशात नुकतेच आलेले तरुण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा त्यांची व्यथा बहुधा एकाच वाक्यात मावते: ‘वर्ग माझ्या ताब्यात राहत नाही, म्हणजे हे काम मला जमणारे नाही.’ यातील पहिल्या भागावर उपाय आहेत. दुसरा भाग मात्र न तपासताच खरा मानलेला असतो. ही काळजी वारंवार कानावर आल्यामुळे एका शिक्षिकेचा अनुभव, तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

तिला आपण मेधा म्हणू. एका अनुदानित माध्यमिक शाळेत ती शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर काम करणारी शिक्षिका म्हणून, आठवीला गणित शिकवत होती. बी.एड.ला उत्तम गुण आणि सराव पाठांना नेहमी शाबासकी मिळूनही रविवारची संध्याकाळ झाली की तिच्या पोटात गोळा येत असे. शिक्षण सेवकाची तीन वर्षे आणि २०२३ पासून वाढलेले तरीही १८,००० रुपयांचेच मासिक मानधन यांचा ताण खरा आहे, आणि तो केवळ मनाचा खेळ आहे असे मी कोणालाही सांगणार नाही. परंतु मेधाची झोप उडवणारी गोष्ट वेगळी होती.

मुख्याध्यापक वर्गावरून गेले तेव्हा नेमका गोंधळ चालू होता, ही घटना तिने अत्यंत बारकाईने सांगितली: त्यांच्या कपाळावरची आठी, दाराशी क्षणभर थबकणे, नंतर शिक्षक खोलीत एका ज्येष्ठ मॅडमनी केलेली टिप्पणी.

‘त्या तासाला काय शिकवत होता?’ मी विचारले.

‘बैजिक राशींचे अवयव.’

‘मुलांना ते नेमके कुठे अडत होते?’

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘ते सांगता येणार नाही.’

‘खिडकीजवळच्या रांगेत कोण बसते?’

तिला दोनच नावे आठवली. बराच वेळ ती काही बोलली नाही आणि मीही ती शांतता भरून काढली नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलण्याचा मोह आवरला, तर समोरची व्यक्ती स्वतःच पुढचे पाऊल टाकते असा माझा विश्वास आहे. अखेर ती म्हणाली, ‘मॅडम, मी अजून सराव पाठच घेते आहे. मागच्या बाकावर कोणी तरी निरीक्षण वही घेऊन बसले आहे असेच मला वाटत असते.’

इतके नेमके निदान मलाही करता आले नसते. बी.एड.च्या प्रशिक्षणात पाठ टाचण, प्रस्तावना, फलक लेखन या सर्वांना गुण असतात आणि ते देणारी व्यक्ती वर्गात मागे बसलेली असते, त्यामुळे गुणी विद्यार्थी-शिक्षकाची नजर नकळत तिच्याकडे लागते. नोकरी लागल्यावर ती व्यक्ती निघून जाते, पण नजर तिथेच राहते, आणि मधल्या बाकांवरची मुले दिसेनाशी होतात.

मी मानसशास्त्रज्ञ अल्फ्रेड अॅडलर यांच्या विचारांना मानणारी आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी व्हिएन्नात मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रे सुरू केली आणि शिक्षकांनाही त्या कामात सहभागी करून घेतले. ‘मी कमी पडतो आहे का’ या प्रश्नात अडकलेल्या माणसाला धीर येतो तो स्वतःची अधिक कठोर तपासणी करून नव्हे, तर दुसऱ्याच्या उपयोगी पडून, ही त्यांची शिकवण मी माझ्या कामात पुन्हा पुन्हा खरी ठरताना पाहिली आहे. म्हणून मेधाला मी आवाज चढवण्याचे किंवा दरारा बसवण्याचे तंत्र दिले नाही. रोज तीनच मुलांकडे नीट पाहावे आणि त्यांना काय येते व कुठे अडते एवढेच घरी गेल्यावर लिहावे, असे ठरवले.

या नोंदींतूनच सतत शेरेबाजी करणारा एक मुलगा तिला प्रथमच कळला. त्याच्यामुळे तिला चीड येत नव्हती, तर आव्हान दिल्यासारखे वाटत होते. अॅडलर यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स सांगत की, मुलाच्या वागण्याचा हेतू ओळखायचा असेल तर मोठ्यांनी आधी स्वतःच्या मनात काय उमटते ते पाहावे. चीड आली तर मूल बहुधा लक्ष मागत असते आणि आव्हान वाटले तर सत्ता. सत्तेच्या झगड्यात भर वर्गात उतरणारा शिक्षक जिंकला तरी हरतो. मेधाने त्याला तास संपल्यावर एकटे गाठले, तेव्हा उलगडले की अवयव पाडताना गुणाकार १२ आणि बेरीज ७ येईल अशा ज्या दोन संख्या लागतात, त्या त्याला शोधता येत नाहीत, कारण पाढेच कच्चे आहेत. वर्गापुढे ते उघडे पडण्यापेक्षा शेरेबाजी त्याला सोयीची होती.

नव्या शिक्षकांना माझे सांगणे आहे की, पहिल्या महिन्यात अभ्यासक्रमाइतकेच महत्त्व मुलांची नावे पाठ करण्याला द्यावे. जी शिक्षा प्रत्यक्षात देणार नाही तिची धमकी देऊ नये; शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने निषिद्धच आहेत. तासाची पहिली पाच मिनिटे काय करायचे ते आधी ठरवून जावे, कारण गोंधळ बहुतेक वेळा त्या रिकाम्या मिनिटांतच रुजतो. मोकळ्या तासाला एखाद्या अनुभवी सहकाऱ्याच्या वर्गात, परवानगी घेऊन, मागे बसावे आणि तिथे शिक्षकाऐवजी मुलांचे निरीक्षण करावे. मात्र झोप, भूक किंवा जगण्याची इच्छाच मंदावली असेल, तर हे उपाय पुरेसे नाहीत. तेव्हा विनाविलंब मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.

मेधाचा वर्ग मधल्या सुट्टीनंतर आजही गोंगाट करतो. तो तास ती आता फळ्यावर आधीच लिहून ठेवलेल्या दोन उदाहरणांनी सुरू करते, त्यातील एक त्या मुलाला सुटेल असे असते, आणि मुले वहीत उतरवून घेत असताना ती बाकांमधून फिरते.