पायाचीही बायपास असते?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या पायाला रक्तपुरवठा कमी आहे, डॉक्टर पायाची बायपास सांगतात. ती तर हृदयाची असते ना, आणि अँजिओप्लास्टीवर भागणार नाही का?

पायाचीही असते. बायपास म्हणजे बंद धमनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देणं. आमच्या अण्णांची चार वर्षांपूर्वी झाली.

शंभरेक पावलं चाललं की त्यांची पोटरी भरून यायची, थांबलं की बरं. आम्ही सायटिका समजून सहा महिने तेल चोळत बसलो. पुढे ते रात्री पाय कॉटवरून खाली सोडून बसायला लागले, कारण आडवं झालं की ठणका सुरू. अंगठ्याची जखम दोन महिने भरेना. एक डॉक्टर म्हणाले, अंगठा काढून टाकू. रक्तच पोचत नाही तर कापलेली जागा तरी कशी भरणार, हे आम्हाला पुढच्या व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनांकडे कळलं.

त्यांनी घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी असं गणित केलं. ०.९च्या खाली म्हणजे धमनीत अडथळा. अण्णांचं आलं ०.३८. (मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा, चांगला येऊ शकतो. वडिलांना साखर असेल तर पायाच्या बोटाचं प्रेशर मोजायला सांगा.)

अडथळा आखूड असेल तर फुग्याने, म्हणजे अँजिओप्लास्टीने काम होतं. अण्णांची मांडीतली धमनी जांघेपासून गुडघ्यापर्यंत बंद होती. म्हणून त्याच पायातली एक लांब शीर काढून, उलटी करून बंद भागाच्या वर आणि खाली जोडली. शिरेत झडपा असतात, सुलट लावली तर त्या रक्त खाली जाऊ देत नाहीत. ही युक्ती पॅरिसच्या कुनलिन यांची, १९४८ची.

फुगा की बायपास, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. दोन्ही उपचारांची तुलना करणाऱ्या २०२२च्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात चांगली शीर असणाऱ्यांना बायपास सरस ठरली, तर २०२३च्या बेसिल-२ अभ्यासात गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी आधी फुगा सरस ठरला. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: शिरेची सोनोग्राफी केली का, ती वापरण्याजोगी आहे का?

पाय दोन महिने सुजलेला होता आणि अंगठ्यापेक्षा मांडीचे टाके जास्त दुखले, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. बिडी बंद झाली. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायमची.

ऑपरेशननंतर नर्सने पावलावर पेनाने फुली मारली होती. दर तासाला तिथे डॉपलर (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र) टेकवायची आणि हुश्श, हुश्श आवाज यायचा. अण्णा तिला म्हणायचे, "मोटार चालू आहे ना, बाई?"